दोर

आमच्या झेलँडमध्ये जमीन समुद्राच्या खाली आहे.
हे आम्ही लहानपणी शिकतो, प्रार्थनेच्या आधी,
किंवा प्रार्थनेसोबतच. आता नक्की आठवत नाही.

मी क्राइन, चर्चचा घंटा वाजवणारा.
चाळीस वर्षं हाच दोर, हीच गाठ.
माझा विश्वास किती, हे मंडळीनं कधी विचारलं नाही,
घंटा वेळेवर होते ना, एवढंच पाहिलं.

त्या रात्री शनिवारचा रविवार झाला होता
आणि वारा वायव्येचा.
मी वाजवली ती उपासनेची घंटा नव्हती,
तरी लोक आले ते काळे कपडे घालून,
काखेत स्तोत्रांचं पुस्तक, पायांत लाकडी बूट
आणि बुटांत पाणी.

पाळकांनी पुस्तक उघडलं. मिटलं.
म्हणाले, "बाकं उचला."

ज्यांवर आमचे बाप डुलक्या घेत म्हातारे झाले
ती बाकं आम्ही बांधाच्या खिंडारात लोटली.
वडील आद्रियान योब्से तेवढे उठले नाहीत.
रविवारी त्यांच्या घरी दाढी नाही, सायकल नाही;
कोंबडीनं अंडं घातलं तर ते सोमवारपर्यंत तिथंच.
पुढच्या बाकाशी गुडघे टेकून, डोळे मिटून.
मारिनुस ओरडला, "समुद्राला शब्बाथ माहीत नाही, म्हातारबा!"
ते म्हणाले, "मला माहीत आहे."
त्यांचं बाक आम्ही तिथंच ठेवलं,
रागानं, आदरानं नव्हे.

मग माझाही खांदा लागला.
बायका पोती शिवत होत्या, पोरं वाळू भरत होती,
दोर द्यायला उरलं होतं कोण?
मी काही बोललो नाही. हात सोडला
आणि घंटेचा एक ठोका चुकला.
त्या चुकलेल्या ठोक्याला ते उठले.

बांधावर मी पोती मोजत होतो.
शंभराच्या पुढे आकडे सुचेनात
तेव्हा तोंडात आलं, हे आमच्या स्वर्गातील पित्या.
एका शब्दाला एक पोतं.
रोजची भाकर आली ती ओली, जड, वाळूची.
आमेन झालं की पुन्हा पहिल्यापासून.
चाळीस वर्षांत एवढी प्रार्थना मी केली नव्हती,
आणि ती भक्ती होती
असं शपथेवर सांगणार नाही.

पहाटेच्या आधी पूर्वेचा बांध गेलाच.
सुताराची याकोमिना गेली, नऊ वर्षांची,
जिच्या झग्याला माझ्याच बायकोनं काठ लावला होता.
पोत्यांनी ती वाचली नाही. घंटेनंही नाही.
हे गाळून मला पुढे जाता येत नाही.

उजाडता उजाडता पलीकडच्या बेटावरून होड्या आल्या.
दिवा एकही दिसत नव्हता, म्हणाले,
आवाजावर वल्ही मारत आलो.
चौतीस माणसं त्यांनी कौलांवरून उतरवली.

घंटाघरात योब्से कमरेएवढ्या पाण्यात,
ओढतायत, सोडतायत. दोर लाल.
मी म्हटलं, "पुरे आता, उजाडलं."
त्यांनी विचारलं, "वार कोणता?"

वसंतात, मंडळीच्या सभेत, त्यांनी आपणहून कबुली दिली:
मी रविवारी काम केलं.
पाळक म्हणाले, "ते काम नव्हतं, प्रार्थना होती."
योब्सेंनी तळवे पुढे केले.
कातडी अजून नीट धरली नव्हती.
"मग गुडघ्यांवर होतो, ते काय होतं?"
कोणी खोकलं. कोणी खिडकीबाहेर पाहिलं.
नोंदवहीत ती ओळ आजही कोरी आहे.

बाकं आता नवी आहेत, बसलं की करकरतात,
फक्त पुढचं एक जुनं.
दोरही नवा, नायलॉनचा, हातातून निसटतो.
जुन्याचा वावभर तुकडा मी ठेवलाय,
होडी त्यानंच बांधतो.
गाठ मारताना माझे ओठ हलतात, बायको म्हणते.
हलत असतील.
पोती मोजत असेन.